कुंपण शेत खाते तेव्हा : ल्युपस आणि त्याची मोजदाद

श्रोतेहो, चैत्राच्या या उकाड्यात दिवसभराची कामे आटोपून आपण व्याख्यानाला येता, तेव्हा जाताना पदरात काही पडावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. आज आम्ही अशा एका आजाराविषयी बोलणार आहोत, की जो फारसा आढळत नाही. पण ज्या घरात शिरतो, तेथे वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. त्याचे नाव ल्युपस. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसत, म्हणून जुन्या काळी युरोपात हे नाव पडले. पुढे कळून आले, की हा आजार केवळ कातडीचा नाही, साऱ्या शरीराचा आहे.

तो होतो कसा? बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराने एक राखणदार फौज ठेवलेली असते. ल्युपसमध्ये ही फौज आपला-परका भेद विसरते आणि आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, रक्तपेशींवर, मूत्रपिंडावर, कधी मेंदूवरही चाल करून जाते. कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो, ते येथे अक्षरशः खरे ठरते. दहा रोग्यांमध्ये नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या, म्हणजे संसाराचा भार वाहणाऱ्या. उन्हाने हा आजार चाळवतो. आपल्या पूर्णाकाठच्या तालुक्यात भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उठला, तर घरची माणसे म्हणतात, "ऊन लागले." पुष्कळदा तसे असतेही, पण त्याच्या जोडीला सांधे सुजत असतील, बारीक ताप हटत नसेल, केस गळत असतील, तर मात्र तपासणी हवी.

दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील एक पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले. या हिशेबाने दीड लाख वस्तीच्या तालुक्यात चार-पाचच घरे निघतील. म्हणूनच हा आजार ओळखण्यास उशीर लागतो.

आता मोजमापाकडे वळू. ताप थर्मामीटरने मोजता येतो. पण जो आजार आज गुडघ्यात, उद्या मूत्रपिंडात, त्याला एकच काटा कसा पुरावा? यावर कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी एक गुणपत्रक सिद्ध केले. ते १९९२ साली प्रसिद्ध झाले व 'स्लेडाय' या नावाने ओळखले जाते. त्यात चोवीस बाबी आहेत. गेल्या दहा दिवसांत त्यांपैकी काय काय दिसले, ते पाहून गुण द्यायचे : तापाला एक, नव्या चट्ट्याला दोन, सांधे सुजले तर चार, लघवीतून प्रथिन जात असेल तर चार, आणि ल्युपसमुळे झटके आले तर आठ. परीक्षेतल्यासारखे येथे जास्त गुण मिळणे शुभ नव्हे! समजा, एखाद्या रुग्णेला ताप, चट्टा, सांधेसूज व प्रथिन या चारही गोष्टी आहेत. तिचे गुण झाले अकरा. तीन महिन्यांच्या औषधाने ताप, चट्टा आणि सूज गेली, प्रथिन तेवढे राहिले, तर गुण उरले चार. औषध लागू पडले, पण मूत्रपिंडाचे काम अजून संपलेले नाही, हे डॉक्टरांना एका दृष्टीत कळते.

पुढे तेही चार गुण जातात. बेरीज शून्य होते, घरात आनंदीआनंद होतो. पण ती बाई म्हणते, "माझे डोके पूर्वीसारखे चालत नाही." दूध चुलीवर ठेवते आणि विसरते. बचतगटाचा हिशेब तीनदा केला तरी जुळत नाही. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर चांगले आहेत, मग ही कामचुकारपणा करते." आमचा सारा रोख या वाक्यावर आहे. गुणपत्रकात झटक्यांना जागा आहे, भ्रमाला आहे, एकाएकी शुद्ध हरपल्यासारखी अवस्था झाली तर तिलाही आहे. हळूहळू मंदावणाऱ्या स्मरणाला मात्र त्यात जागा नाही. तेव्हा बेरीज शून्य म्हणजे त्रास शून्य, असे मानणे चूक आहे. तराजूने दूध जोखता येत नाही, म्हणून दूध नाहीच, असे कोण म्हणेल?

या त्रासाला वेगळे माप आहे. १९९९ साली अमेरिकेतील संधिवात-तज्ज्ञांच्या संस्थेने ल्युपसमधील मज्जासंस्थेच्या व मनाच्या एकोणीस विकारांची यादी केली. बुद्धीच्या व्यापारातील उणीव हा त्यांतलाच एक. तो तपासण्यासाठी सुमारे तासाभराची चाचणी सुचविली : शब्दांची यादी काही वेळाने आठवणे, खुणा आणि आकडे झटपट जुळविणे. निरनिराळ्या अभ्यासांत ही उणीव रुग्णांच्या पाचव्या हिश्शापासून चार पंचमांशांपर्यंत सापडली आहे. एवढा फरक पडतो, कारण प्रत्येकाची चाचणी वेगळी आणि उणीव कशाला म्हणायचे, ते मापही वेगळे. शिवाय शाळेची पायरी न चढलेल्या बाईला कागद-पेन्सिलीची परीक्षा लावली, तर तिची बुद्धी नव्हे, तिची निरक्षरता मोजली जाईल. याच अडचणीसाठी हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षरांना चालेल अशी हिंदी चाचणी तयार झाली व १९९५ साली प्रसिद्ध झाली. तुलना नेहमी त्याच वयाच्या, तेवढ्याच शिक्षणाच्या माणसांशी करावी. आणि त्याहून बरे म्हणजे त्याच व्यक्तीच्या मागच्या वेळच्या निकालाशी.

मोजायचे कशासाठी, तर कारण शोधण्यासाठी. विसराळूपणा मेंदूतील दाहाने येतो, रक्ताच्या बारीक गुठळ्यांनी येतो. तसाच तो रक्तक्षयाने, थायरॉइडच्या बिघाडाने, झोपमोडीने, खिन्नतेने किंवा स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेनेही येतो. दाहाला एक औषध, गुठळीला दुसरे, खिन्नतेला तिसरेच. "डोके चालत नाही," एवढ्यावर स्टेरॉइड वाढविणे किंवा आपल्या मनाने बंद करणे, दोन्ही घातक.

आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे, १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. तेथे पहिले साधन यंत्र नव्हते, प्रश्न होता : दुखते का, कोठे दुखते, कोणते काम अडते? हा शेवटचा प्रश्न आपल्यालाही विचारता येईल. घरात असा रोगी असेल, तर एका वहीत तारीख घालून लिहावे, की आज काय विसरले, कोणते काम अडले, झोप किती झाली. जालन्याला किंवा संभाजीनगरच्या घाटीत जाताना रक्त-लघवीच्या कागदांबरोबर ती वहीही न्यावी. झटका आला, बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली किंवा माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर मात्र वहीत लिहीत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

ल्युपस आज मुळापासून उपटता येत नाही. पण त्याला लगाम घालता येतो, आणि पुष्कळ स्त्रिया तो घालून संसार, शेती, नोकरी सांभाळीत आहेत. त्यांच्या कागदावरचे आकडे डॉक्टर वाचतील. त्यांचे शब्द मात्र आधी घरच्यांनी खरे मानले पाहिजेत. आज घरी गेल्यावर कोणी म्हणाले, "मला आठवत नाही हो," तर हसण्यापूर्वी क्षणभर थांबा, एवढीच आमची विनंती आहे.