भुताचा वास

भूत प्रत्यक्ष पाहिले असे शपथेवर सांगणारे गृहस्थ अलीकडे फारसे भेटत नाहीत. घरोघर विजेचे दिवे आले, पिंपळाच्या पारावर रात्रभर उजेड राहू लागला, आणि मुंजा, समंध, हडळ, खवीस या मंडळींची पंचाईत झाली. परंतु डोळ्यांचे दार बंद झाले म्हणून ही मंडळी स्वस्थ बसली आहेत असे मात्र नाही. त्यांनी आता नाकाची वाट धरिली आहे. मध्यरात्री जिन्यात येणारा कुबट दर्प, फुलझाड नसलेल्या अंगणात दरवळणारा मोगरा, चूल विझल्यावर येणारा जळका वास, यांचा उगम घटकाभरात सापडला नाही की घरातील वडील माणूस आवाज खाली आणून 'कोणीतरी आहे' एवढेच म्हणते, आणि तेथेच चौकशी संपते. असल्या विषयावर दैनिकाचे रकाने खर्ची घालावे काय, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटत असे. पण गेल्या पावसाळ्यात जो प्रकार आमच्या कानी आला, त्याने आमचे मत पालटले.

गावभागातील एका जुन्या वाड्यात राहणारे, हळदीच्या पेठेत तीन पिढ्यांची अडत चालविणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याकडे सल्ल्यास आले. त्यांचा प्रश्न कायद्याचा होता, पण आमच्या आजवरच्या वकिलीत असा प्रश्न कोणी विचारिला नव्हता. वाडा विकावयाचा झाल्यास खरेदीखतात भुताचा उल्लेख करावा लागतो काय? आम्ही प्रथम हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा आम्ही कागद बाजूस सारून सर्व हकीकत विचारून घेतली.

वाड्यात तीन वास येत होते. एक जिन्याखालचा, ओल्या कुजक्या पोत्यासारखा. तो सर्वांस येई, विशेषतः रात्री. दुसरा तपकिरीचा, तो केवळ या गृहस्थांच्या मातोश्रींस येई आणि तपकीर ओढणारे त्यांचे पती वारून बराच काळ लोटला होता. तिसरा वास कापड जळल्याचा. तो धाकट्या सुनेस येई, आणि तो आला म्हणजे ती क्षणभर शून्यात बघत राही, हातातले भांडे खाली पडे, आणि मग काय झाले ते तिला आठवत नसे. घरात तिची दृष्ट काढण्यात आली. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या आणि कोणास ठसका लागला नाही, म्हणजे बाधा जबर आहे असे ठरले. शेजारच्या तालुक्यातून एक देवऋषी आला. त्याने तिन्ही वासांचा एकच धनी ठरविला, तो सुनेच्या अंगात आहे असे सांगितले, आणि येत्या अमावास्येस तिला मिरचीची धुरी देऊन त्यास बाहेर काढण्याचे पैसे आगाऊ घेतले. अमावास्येस नऊ दिवस उरले होते.

भुताचा वास हा करमणुकीचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. वास जिन्यातून येतो, आणि शिक्षा परक्या घरातून आलेल्या मुलीस होते. वड्याच्या मालकास, त्याच्या कर्त्या मुलास किंवा देवऋष्याच्या स्वतःच्या नाकास धुरी दिल्याचे उदाहरण आम्ही कोठे ऐकिले नाही. भूत नेहमी ज्याचे घरात कमीत कमी चालते त्याच्याच अंगी येते, हा योगायोग फारच नियमित आहे.

आम्ही त्या गृहस्थांस प्रथम कायदाच दाखविला. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध जो अधिनियम केला, त्याच्या अनुसूचीतील पहिल्याच बाबीत भूत उतरविण्याच्या बहाण्याने मनुष्यास बांधणे, मारणे आणि मिरचीची धुरी देणे हे गुन्हे म्हणून नमूद आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजार रुपयांपासून ५० हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि जामीन न मिळणारा. देवपूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांस हा कायदा हात लावीत नाही, हेही आम्ही सांगितले. कारण कायद्याच्या विरोधकांनी याविषयी पुष्कळ गैरसमज पसरविला आहे. हा कायदा व्हावा म्हणून आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला. जी गोष्ट सरकारने त्यांच्या हयातीत करावयाची ती त्यांच्या पश्चात केली. स्वराज्यात एवढी साधी सुधारणा एका सत्पुरुषाच्या रक्ताने विकत घ्यावी लागावी, याची लाज आम्हांस अजून वाटते.

गृहस्थ घाबरले, पण पटले नाहीत. भीतीने मनुष्य गप्प बसतो, त्याची समजूत पडत नाही, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो. म्हणून आम्ही त्यांस त्यांच्याच धंद्यातला एक प्रश्न विचारिला.

कृष्णा-वारणेच्या संगमावर, सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे होती हे येथील कोणा व्यापाऱ्यास सांगावयास नको. वर तोंड लहान, आत मडक्यासारखा पोटाचा विस्तार, आणि माल भरून तोंड बंद केले की वर्षानुवर्षे हळदीस कीड नाही. २००५ व २०१९ च्या महापुरांनी त्या पेवांचा मोठा घात केला आणि माल आता बहुतेक गोदामांत जातो. पण आमच्या या गृहस्थांचे तारुण्य पेवांच्या तोंडाशी गेले होते. आम्ही विचारिले, पेव उघडले की हमालास लगेच आत उतरवीत होता काय? ते म्हणाले, "छे! आधी तोंड उघडे टाकायचे. मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही." आम्ही विचारिले, का? "आत हवा नसते. माणूस खाली गेला की तसाच पडतो." आम्ही म्हटले, काळोखी जमिनीखालची जागा, आत पुरलेले धन, आणि उतरलेला धडधाकट मनुष्य अंगावर जखम नसता मरून पडतो, समंध बसविण्यास याहून योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे सापडावयाचे नाही. तरी तुमच्या वाडवडिलांनी तेथे देवऋषी बसविला नाही, कंदील सोडला. का?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तो धंदा झाला. हा घरचा मामला आहे."

या एका वाक्यात आमच्या समाजाचे सर्व दुखणे आहे. ज्या बुद्धीने आम्ही पेठेत तोळ्या-माशाचा हिशेब ठेवितो ती बुद्धी आम्ही उंबऱ्याबाहेर जोड्यांबरोबर काढून ठेवितो. पेवातील हवा कशी बिघडते हे आज शाळकरी मुलासही सांगता येते: बंद जागेत मालाच्या व सूक्ष्म जंतूंच्या श्वसनाने प्राणवायू संपतो, कर्बवायू साचतो, आणि तो जड असल्याने तळाशी बसतो. त्यास रंग नाही, वास नाही. आमच्या जुन्या हमालांस हे रसायन ठाऊक नव्हते. पण दिवा आणि प्राण एकाच हवेवर चालतात एवढे त्यांनी अनुभवाने ताडले होते, आणि त्या एका अनुमानाने किती जीव वाचले असतील! घरातील वासास तोच न्याय का नको?

आणि ही अनुमानाची विद्या काही विलायतेहून आणावी लागत नाही. गंध हा पृथ्वीचा गुण, हे आमच्या वैशेषिकांचे मत तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवीत. पाण्यास किंवा वाऱ्यास जो वास येतो तो त्यांचा स्वतःचा नव्हे, त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा, असे ते म्हणत. म्हणजे द्रव्यावाचून गंध नाही. जेथे वास आहे तेथे वस्तू आहे. आजचे रसायनशास्त्र याहून निराळे काय सांगते? पहिल्या पावसानंतर मातीस जो वास सुटतो त्याचे मातीतील जंतूंनी निर्मिलेले द्रव्य हाती लागले तेव्हा शोधकांनी १९६५ साली त्याचे नाव जिओस्मिन, म्हणजे ग्रीक भाषेत 'पृथ्वीचा गंध', असे ठेविले. त्याच तर्कशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान सांगितले आहे, कारण स्वयंपाकघरात धूर व अग्नी एकत्र पाहिलेले असतात. वासावरून भुताचे अनुमान करणाऱ्याने वास व भूत एकत्र कोणत्या स्वयंपाकघरात पाहिले, हे त्यास कोणीतरी विचारावयास नको काय? मिरचीच्या साक्षीचीही तीच कथा. निखारा धगधगीत असला की तिखट जळून जाते, मंद असला की धुराबरोबर उडून घशास लागते, आणि वारा धुरास बाहेर नेत असला तर काहीच कळत नाही. अशा साक्षीदारास उलटतपासणीवाचून कोणते न्यायालय सोडील?

दुसरे दिवशी आम्ही वाडा पाहावयास गेलो. जिन्याखाली पायऱ्यांच्या आड एक कोनाडेवजा खोली, तिचे दार लाकडी फळ्यांनी ठोकलेले. ऑगस्ट २०१९ मध्ये इर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट असता. त्या पाण्यात खोली बुडाली होती. पाणी ओसरल्यावर घाईघाईत ती बंद केली ती तशीच. फळ्या काढल्यावर आत भिजून कुजलेल्या पोत्यांचा ढीग आणि भिंतीवर हातभर उंच काळी बुरशी. मातीच्या भिंतींनी पूर पिऊन ठेविला होता. पाऊस लागला की ओल वर चढे, बुरशी वाढे, आणि रात्री दारे-खिडक्या लागली की वास जिन्यात कोंडे. एका भुताचा निकाल दोन गड्यांनी अर्ध्या दिवसात लाविला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. वासास भूत म्हणणारा जसा चुकतो तसा वासाकडे दुर्लक्ष करणाराही चुकतो. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत जो सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तो थोडा असता नाकास कळतो, पण पुष्कळ झाला की नाकाची शक्तीच मारून टाकितो. वास गेला म्हणून मनुष्य निर्धास्त उतरतो आणि वर येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळी वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात दुर्गंधी द्रव्य बुद्ध्या मिसळितात. अमेरिकेत टेक्सास प्रांती न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी असा वास न मिसळलेला वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जीव गेले, तेव्हा कायद्याने वास घालणे भाग पडले. त्याच देशात विल्मर नावाच्या नेत्रवैद्याने १९२१ साली एका झपाटलेल्या घराची हकीकत छापली. त्या कुटुंबास पावले ऐकू येत, माणसे दिसत, झाडे सुकत. शोध करिता घर तापविण्याची भट्टी नादुरुस्त असून तिचा विषारी धूर घरात भरतो असे आढळले. भट्टी दुरुस्त झाली आणि भुते गेली. त्या घरी देवऋषी पोहोचला असता तर घरच मेले असते.

मातोश्रींच्या तपकिरीविषयी आम्ही कोणास काही बोललो नाही. वासाची वाट मेंदूतील स्मृतीच्या व भावनेच्या भागांपाशी फार थेट जाते, हे शरीरशास्त्र सांगते. वेल्समधील रीस नावाच्या डॉक्टरने १९७१ साली २९३ विधवा-विधुरांची चौकशी प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्म्यांस गेलेला जोडीदार जवळ असल्याचा काही ना काही भास झाला होता, आणि पुष्कळांनी तो कोणापाशी बोलूनही दाखविला नव्हता. बहुतेकांस त्याने धीरच वाटे. अर्धे आयुष्य ज्या माणसाबरोबर काढिले त्याची तपकीर म्हातारपणी एखाद्या संध्याकाळी नाकाशी आली तर तिचे खंडन करण्यास संपादकाने धावून जावे, इतकी सुधारणा आम्हांस नको आहे. हरकत आहे ती त्या तपकिरीचा धनी सुनेच्या अंगात बसविण्यास.

राहिला जळक्या कापडाचा वास. तो इतरांस येत नव्हता, म्हणून खोटा नव्हता. कानाच्या वरील बाजूस मेंदूचा जो भाग असतो त्यातून फेपऱ्याचा एक प्रकार उद्भवतो. त्यात झटक्याच्या आधी काहींस जळका किंवा घाणेरडा वास येतो, मग रोगी टक लावून बघत राहतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्यास काही आठवत नाही. सुनेची लक्षणे आम्ही कागदावर उतरून घेतली तेव्हा आम्हांस हेच वाटले. पण आम्ही वैद्य नव्हे. मिरज तेथून जवळच. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडिल्यापासून त्या गावी दूरदूरच्या मुलखांतून रोगी येतात, आणि सांगलीचा मनुष्य मात्र सून पडली म्हणून अमावास्येची वाट बघतो! गृहस्थ एकदम कबूल झाले नाहीत. सोयरिकीत बोभाटा होईल, मुलीस फेपरे आहे असे लोक म्हणतील, त्यापेक्षा बाधा म्हटलेली बरी, असा त्यांचा विचार होता. रोगाची लाज आणि भुताची नाही, हे आम्हांस नवे नव्हते. शेवटी मातोश्रीच पुढे झाल्या. त्या मुलास म्हणाल्या, "पेवात तू कधी पोराला आधी सोडलं नाहीस. हिलाच का सोडतोस?"

अमावास्येच्या चार दिवस आधी सून मिरजेच्या डॉक्टरांपुढे बसली. मेंदूच्या लहरींची चाचणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. वास अजून केव्हा केव्हा येतो, पण भांडे हातातून पडल्यास तीन महिने झाले. देवऋष्याने आगाऊ घेतलेले पैसे परत दिले नाहीत, आणि गृहस्थांनी फिर्याद द्यावी हा आमचा सल्ला त्यांनी अद्याप मानिलेला नाही. वाडा विकण्याचा बेत रहित झाला. जिन्याखालच्या खोलीस त्यांनी झडप बसविली आहे. तेथे संध्याकाळी मातोश्री उदबत्ती लावितात.