‘सॉफ्टवेअर मारून द्या’

सकाळी ११. पुण्याच्या तापकीर गल्लीत शटरं वर गेली की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं असतं: सेट लोगोवर अडकलाय, सॉफ्टवेअर मारून द्या. आजचा मीडियाटेकचा. व्हॉल्यूमची बटणं दाबून केबल लावायची आणि एसपी फ्लॅश टूलला स्कॅटर फाइल दाखवायची. स्कॅटर म्हणजे मेमरीचा सातबाराच, कुठला भाग कुठून कुठवर ते त्यात लिहिलेलं. ‘फॉरमॅट ऑल’ नवशिक्यांना भारी आवडतं. त्यानं एनव्हीरॅम पुसली जाते, आयएमईआय उडतो. सेट चालू होतो, पण नेटवर्क येत नाही. मी आधी एनव्हीरॅमचा बॅकअप घेतो, मग ‘डाउनलोड ओन्ली’.

१२.३०. सॅमसंग, फ्लॅशिंग ओडिनवर. सांगण्यासारखं काही नाही.

१.१५. ‘आयएमईआय बदलून मिळेल का?’ नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय असा सेट बहुधा कुणाच्या तरी खिशातून आलेला असतो.

२.३०. एक ताई आणि त्यांचा मुलगा. अँड्रॉइड ५चा जुना सेट, पूर्ण डेड. आत वडिलांचे फोटो. बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतला. सीएमडी, क्लॉक, डेटा-झिरो, दोन व्होल्टेज आणि ग्राउंड: केसाएवढ्या इनॅमल तारा एकेका ठिपक्यावर टेकवायच्या. श्वास जोरात सोडला तरी तार हलते. इझी जेटॅग बॉक्सनं चिप ओळखली. ईएमएमसी ५.०पासून स्टोरेज चिप स्वतःची झीज दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत सांगते. हिनं शेवटचा आकडा दाखवला. अशी चिप बहुधा लिहून घेत नाही, पण वाचू देते. क्लॉक कमी करून १६ जीबी वाचायला लावली.

४.३०. ते बघून शेजारचा दुकानदार स्वतःचा सेट घेऊन आला. अँड्रॉइड १२, यूएफएस स्टोरेज. तिथं हे चालत नाही. डेटा एन्क्रिप्टेड आणि किल्ली प्रोसेसरला बांधलेली. चिप उपसून वाचली तरी हाती कचराच. बोर्डच जिवंत करावा लागतो, म्हणजे मल्टिमीटर आणि हॉट एअर. हजारोंचा बॉक्स बाजूला पडून राहतो. गिऱ्हाइकाला हे पटवण्यात मात्र फ्लॅशिंगपेक्षा जास्त वेळ जातो.

६.४५. चिपमधून वाचलेला डंप उघडला. डीसीआयएम फोल्डर शाबूत. ताईंनी एकच फोटो मोठा करायला सांगितला, मग पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

‘पण फोन तर चालूच नाही झाला,’ मुलगा म्हणाला. ‘मग पैसे कसले?’

‘गप रे,’ ताई म्हणाल्या, ‘दादा, किती झाले?’