वयाची उदाहरणे आणि सरासरी

गणिताच्या पुस्तकात वयाची उदाहरणे आली की पुष्कळ मुले पान उलटतात. आकडे सोपे असतात. अडते ते वाक्यांत. म्हणून आज आपण अशी दोन उदाहरणे सावकाश वाचू.

'सरासरी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दूत 'सरसरी नजर' म्हणजे वरवरची नजर. पण मराठीतील सरासरी म्हणजे तुमचे 'औसत'. सर्वांच्या वयांची बेरीज करून तिला माणसांच्या संख्येने भागले की सरासरी वय मिळते. उदाहरणात मात्र बहुधा उलटे असते. सरासरी दिलेली असते, प्रत्येकाचे वय दिलेले नसते. ते शोधत बसू नका. सरासरीला माणसांच्या संख्येने गुणा म्हणजे बेरीज हाती येईल. पुढचे सारे काम या बेरजेवरच चालते.

पहिले उदाहरण पाहा. एका वर्गातील 40 विद्यार्थ्यांचे सरासरी वय 14 वर्षे आहे. शिक्षकांचे वय त्यात मिळवले तर सरासरी 15 वर्षे होते. शिक्षकांचे वय किती?

घाईत कोणी 15 मधून 14 वजा करतो आणि 1 वर्ष असे उत्तर लिहितो. म्हणजे शिक्षक अजून पाळण्यातच! लिहिलेले उत्तर एकदा वाचून पाहावे, ते यासाठी.

समजा, शिक्षकांचे वय क्ष वर्षे आहे. विद्यार्थ्यांच्या वयांची बेरीज 40 × 14 = 560. शिक्षक धरून 41 जण झाले, त्यांची बेरीज 41 × 15 = 615.
म्हणून 560 + क्ष = 615
क्ष = 55
शिक्षकांचे वय 55 वर्षे. आता पडताळा पाहा. शिक्षकांनी प्रत्येक मुलाला आपले एकेक वर्ष दिले तर 40 वर्षे जातील आणि त्यांच्याजवळ 15 उरतील. मुलेही 15 वर्षांची होतील. सरासरी म्हणजे अशी सारखी वाटणी.

बगदादचे गणिती अल्-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात समीकरणांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरूनच 'अल्जेब्रा' हे नाव पडले. मराठीत त्याला बीजगणित म्हणतात.

दुसरे उदाहरण थोडे अवघड आहे. 4 वर्षांपूर्वी एका कुटुंबातील 6 माणसांचे सरासरी वय 19 वर्षे होते. त्यानंतर घरात एक मूल जन्मले. आज सातही जणांचे सरासरी वय 20 वर्षे आहे. मुलाचे वय किती?

तेव्हाची बेरीज 6 × 19 = 114. मधल्या काळात बेरीज किती वाढली? 4 ने नव्हे! प्रत्येकाचे वय 4 वर्षांनी वाढले. माणसे 6, म्हणून बेरीज 24 ने वाढली. सहा जणांची आजची बेरीज 138. सात जणांची बेरीज 7 × 20 = 140. मुलाचे वय क्ष मानले तर
138 + क्ष = 140
क्ष = 2
मूल 2 वर्षांचे आहे. 24 ऐवजी 4 च मिळवले असते तर उत्तर 22 आले असते. 4 वर्षांच्या आत जन्मलेले मूल 22 वर्षांचे कसे असेल?

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. त्यात 'दादा' हा शब्द आहे. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ, उर्दूप्रमाणे आजोबा नव्हे.

अमीना, तिचा दादा आणि त्यांची आई यांचे सरासरी वय 24 वर्षे आहे. अमीना 12 वर्षांची आहे. 2 वर्षांनंतर दादा 20 वर्षांचा होईल. आईचे आजचे वय किती?