एकाच पिल्लाला तीच सुई तीन-तीनदा का?

समजा, तुमच्या घरी दीड महिन्याचं पिल्लू आलंय. हट्ट करून आणलेलं. नाव काय ठेवायचं यावरून भांडण अजून मिटलेलं नाही. तेवढ्यात बाबा त्याला खडकेश्वरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणतात. सोबत एक छोटी पुस्तिका येते. तिच्यात लिहिलेलं असतं: आज एक लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीच, आणि त्यानंतर परत तीच!

डॉक्टर विसरभोळे आहेत का? मुळीच नाही. गडबड आहे ती पिल्लाच्या आईने करून ठेवलेली, आणि तीही चांगल्या हेतूने.

जन्मल्यानंतर पिल्लू पहिल्यांदा जे दूध पितं, ते साधं दूध नसतं, तो चीक असतो. गाईच्या चिकाचा आपण खरवस करून हादडतो, तसलाच चीक कुत्रीलाही येतो. त्यात प्रतिपिंडं असतात, म्हणजे रोगजंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिनं. पिल्लाच्या आतड्यातून ती सरळ रक्तात जाऊ शकतात, पण फक्त पहिल्या दिवसभरात. मग ती वाट बंद. आईने आयुष्यभर जेवढ्या रोगांना तोंड दिलं, जेवढ्या लसी घेतल्या, त्या सगळ्याची शिदोरी ती अशी पिल्लाला बांधून देते.

शिदोरी म्हटली की ती संपणारच. पण गंमत पुढेच आहे. या लसीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. आईची प्रतिपिंडं खरा शत्रू कोण आणि लसीतला दुबळा कोण असा भेद करत नाहीत. लसीतले विषाणू दिसले की तीच त्यांना पकडून संपवतात. पिल्लाच्या स्वतःच्या शरीराला काही शिकायची संधीच मिळत नाही. सुई टोचली, पिल्लू केकाटलं, आणि उपयोग शून्य.

बरं, ही शिदोरी संपते कधी? एखाद्या पिल्लाची सहाव्या आठवड्यात, एखाद्याची बाराव्या, तर एखाद्याची थेट सोळाव्या. एकाच वेतातल्या भावंडांचीही वेगवेगळी, कारण धक्काबुक्की करून भरपूर चीक कोण प्यायलं आणि मागे कोण राहिलं, यावर ते ठरतं. त्यातच मधे काही दिवस फार वाईट असतात. तेव्हा उरलेली प्रतिपिंडं खऱ्या रोगाला अडवायला कमी पडतात, पण लसीला अडवायला मात्र पुरून उरतात!

बाहेरून बघून यातलं काहीच कळत नाही. म्हणून पशुवैद्य साधा उपाय करतात. सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू झालं की सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, आणि शेवटची सुई सोळा आठवडे पुरे झाल्यावर. त्यातली एखादी बरोबर वेळेवर पडतेच. म्हणून घरातलं कुणी म्हणालं, "दोन झाल्या की, आता तिसरी कशाला?" तर ऐकू नका. सगळ्यांत महत्त्वाची ती शेवटचीच. मग सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान आणखी एक.

यावर शास्त्रज्ञांनी एक भन्नाट युक्तीही काढली होती. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोग आणि माणसांचा गोवर, यांचे विषाणू एकाच कुळातले. मग त्यांनी पिल्लांना चक्क गोवराची लस दिली. आईची प्रतिपिंडं डिस्टेंपरला ओळखणारी, त्यांना गोवराचा विषाणू तितकासा पकडता येत नाही. तो निसटतो, आणि पिल्लाचं शरीर त्याच्यावरून डिस्टेंपरशी लढायला शिकतं. आता चांगल्या लसी आल्यामुळे ही युक्ती मागे पडली. मला मात्र ती फार आवडते.

याच कुळातला तिसरा भाऊ म्हणजे गुरांची बुळकांडी. आजोबांना विचारा, गावंच्या गावं बैलांवाचून रिकामी करणारा हा रोग होता. गुरांच्या अशा रोगांचा अभ्यास करायला 1889 मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली आणि चारच वर्षांत ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. डिस्टेंपर मात्र अजून आहे, आणि तो कुत्र्यांपुरता थांबत नाही. 2018 मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले. काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला, तेव्हा अमेरिकेहून लस मागवून सिंहांना टोचावी लागली. आपल्या सिद्धार्थ उद्यानातल्या वाघांनाही हा रोग होऊ शकतो, म्हणजे बघा.

पिल्लाच्या लसीतला दुसरा मोठा शत्रू पार्व्हो. हा इतका बारीक की तुमच्या एका केसाच्या जाडीत दोन-तीन हजार पार्व्हो ओळीने मावतील. 1978 मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया असा सगळीकडे तो जवळजवळ एकदमच उगवला आणि पिल्लं रक्ताचे जुलाब होऊन पटापट मरू लागली. आधी कुठे लपला होता हा? शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या रक्ताचे जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढून तपासले. 1970 च्या आधीच्या रक्तात त्याची खूणही नव्हती! मांजरांच्या एका विषाणूत, किंवा त्याच्या जवळच्या नातलगात, थोडासा बदल होऊन हा नवा रोग जन्मला होता. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साध्या साबणाला भीक घालत नाही, त्याला ब्लीच लागतं. आणि तो बुटांच्या तळव्याला चिकटून घरात येतो. म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही. तरीही त्याला हॉर्न, गर्दी, फटाके यांची सवय व्हायला हवी ना? मग कॅनॉटच्या बाजारात न्या, पण कडेवर.

याच सुईत कुत्र्यांच्या काविळीवरचीही लस असते. तिची पहिली आवृत्ती घेतलेल्या काही कुत्र्यांचे डोळे चक्क निळे पडायचे. मग खऱ्या विषाणूऐवजी त्याचा खोकला आणणारा चुलतभाऊ वापरला. संरक्षण तेच मिळालं आणि डोळे निळे पडायचे थांबले.

पुढच्या वेळी डॉक्टर लस तयार करताना नीट बघा. दोन चिमुकल्या बाटल्या असतात. एकीच्या तळाशी कोरडी, फिकट वडी, दुसरीत पातळ औषध. वडीत ते दुबळे विषाणू वाळवून ठेवलेले. डॉक्टर पातळ औषध सुईत ओढतात, वडीच्या बाटलीत सोडतात, बाटली हलकेच फिरवतात. वडी क्षणात विरघळते. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून टोचतात, आणि बाटलीवरचा स्टिकर सोलून तुमच्या पुस्तिकेत चिकटवतात. एकदा भिजवलेली लस ठेवून देता येत नाही. त्याआधीही ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मेडिकलमधून आणलेली लस स्कूटरच्या डिकीत ठेवून गुलमंडीत खरेदी करत बसलात, तर ती वायाच गेली म्हणायची.

आता, सगळ्यांना सगळ्याच लसी लागतात का? नाही! डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि रेबीज या हव्यातच. बाकीचं ठरवायला डॉक्टर विचारतात: राहता कुठे? घराजवळ मोंढा, धान्याची गोदामं, उंदीर? पावसात डबकी साचतात? मग लेप्टोची लस हवी. लेप्टो हा उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा जिवाणू, तो माणसालाही होतो. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. दिवाळीत आजोळी जाताना कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल, तर खोकल्याचीही घ्या. काही जण मात्र 'सेव्हन इन वन' नको, 'नाइन इन वन'च द्या, असा आग्रह धरतात. आकडा मोठा म्हणून लस भारी, असं नसतं हो. अशा काही सुयांत कुत्र्यांच्या कोरोनाचीही लस असते, आणि जगभरच्या पशुवैद्यांची संघटना ती द्या असं म्हणत नाही. (हा कोरोना आपला कोविड नव्हे.)

रेबीजची सुई वेगळी. ती साधारण तीन महिन्यांनंतर, वर्षभराने पुन्हा, आणि आपल्याकडे नंतर दरवर्षी. हा रोग कुत्र्याच्या लाळेतून चाव्यावाटे येतो, नसांवरून हळूहळू मेंदूकडे सरकतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य. म्हणून कुठल्याही कुत्र्याने चावलं किंवा ओरखडलं, तर घाबरून लपवायचं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी घाटी रुग्णालयात जायचं. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, आता दंडात चार-पाच पुरतात.

आपल्या पिल्लाला टोचून झालं, पण गल्लीतल्या बाकीच्यांचं काय? शेजारच्या गोव्याने ते करून दाखवलं. 'मिशन रेबीज' या संस्थेची माणसं मोठ्या जाळ्या घेऊन वाड्या-वस्त्यांवर जायची, भटकं कुत्रं जाळीत धरायची, टोचायची, आणि सोडण्याआधी त्याच्या अंगावर रंगाची खूण करायची, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा धरलं जायला नको. दहातल्या सातांना लस मिळाली की रोगाला पुढचं कुत्रं सापडेनासं होतं. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य ठरलं.

आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानांकडे बघा, पण लांबूनच. एखाद्याच्या कानाला कापल्याची खाच दिसेल. ती मारामारीची नव्हे. नसबंदीच्या वेळी केलेली ती खूण, आणि त्याच वेळी रेबीजची लसही टोचलेली असते. कधी, ते मात्र खाच सांगत नाही. चार वर्षांपूर्वीची असेल, तर त्या कुत्र्यालाही पुन्हा सुई हवी.