तीस सेकंदांचं गाव

संपादकांना हवा होता एका स्लोव्हाक बास्केटबॉलपटूचा परिचय. एक नाव, एक कारकीर्द, जमल्यास एक फोटो. पण नव्वदच्या दशकातलं कुठलंही नाव घ्या, आन्ना कोतोचोव्हा घ्या, रेनाटा हिराकोव्हा घ्या, झुझाना झिरकोव्हा घ्या, वाट फिरून एकाच गावात शिरते: रुझोम्बेरोक. म्हणून मी गावच घेतलं.

उत्तर स्लोव्हाकियात, वाह नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत वसलेलं हे गाव. वस्ती तीस हजारांच्या आत. हद्दीतच व्ल्कोलिनेत्स नावाची लाकडी घरांची वाडी आहे. 1993 पासून ती युनेस्कोच्या यादीत असल्याने पर्यटक बहुधा तिकडेच वळतात. गावाचं पोट मात्र कागदाच्या कारखान्यावर चालतं. एससीपी हे त्याचं जुनं नाव, आणि महिलांचा क्लब तेच नाव लावून खेळायचा: एससीपी रुझोम्बेरोक. या क्लबने 1999 आणि 2000 अशी सलग दोन वर्षं महिलांची युरोलीग जिंकली. युरोपातल्या क्लबांसाठी याहून मोठी स्पर्धा नाही. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात समोर फ्रान्सचा बूर्ज होता. 1997 आणि 1998 ची विजेतेपदं त्याच संघाची, 2001 चंही त्याचंच. म्हणजे बूर्जच्या ऐन भराच्या काळात मधली दोन वर्षं या कागदवाल्यांनी नेली.

देश तरी केवढा? साधारण चोपन्न लाखांचा. चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली 1 जानेवारी 1993 रोजी, आणि त्याच वर्षी या कोऱ्या देशाच्या महिला संघाने युरोपीय स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकावला. 1997 मध्ये रौप्य. त्या दिवसांत स्लोव्हाकियाबद्दल बाहेर काही बरं छापून येत नव्हतं. पंतप्रधान व्लादिमीर मेचिआर यांच्या कारभारामुळे देश एकटा पडला होता. 1999 मध्ये चेक, पोलंड आणि हंगेरी नाटोत गेले, स्लोव्हाकिया दाराबाहेर राहिला. रुझोम्बेरोकचा पहिला युरोपीय चषक त्याच वर्षीचा.

क्लबचा अधिकृत इतिहास एवढ्यावर आटोपता येतो. मी रेंगाळले ती क्लबच्या प्रशिक्षक नातालिया हेइकोव्हा यांच्यापाशी, आणि एका घड्याळापाशी.

आधी घड्याळ. चेंडू ताब्यात आल्यावर ठरावीक वेळात बास्केटकडे फेकावाच लागतो. ती वेळ मोजणारं हे शॉट क्लॉक. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तेव्हा ही मुदत 30 सेकंदांची होती, आपल्या कबड्डीतल्या चढाईइतकीच. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. तीस सेकंद ही ऐसपैस वेळ आहे. पाच जणी चेंडू फिरवत राहतात, एक बाजू बंद झाली की दुसरी उघडून बघतात, आणि समोरचीचं पाऊल चुकेपर्यंत थांबतात. उंच उडीची किंवा वाऱ्यासारखी धावणारी खेळाडू नसली तरी चालतं. हवा तो धीर, आणि एकमेकींची सवय. बचावातही हाच हिशेब. समोरच्या संघाला तीस सेकंद खर्चायला लावलं की सामन्यात एकूण चढायाच कमी होतात, आणि चढाया कमी झाल्या की बलाढ्य संघाला आपलं बळ दाखवायला जागा उरत नाही. दुबळ्याने बलवानाशी कसं खेळावं याचं हे गणित. बघायला ते फार देखणं नसतं. मला मात्र अशा खेळात सुंदर पासपेक्षा जास्त काही दिसतं. चेंडू हातात नसलेल्या चौघी काय करतायत हे बघण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही.

या गणिताचा सगळ्यात बोलका आकडा सिडनीचा आहे. 2000 च्या ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत स्लोव्हाकियासमोर अमेरिका उभी राहिली. लिसा लेस्ली, शेरिल स्वूप्स, डॉन स्टेली असा तो संघ; पुढे सुवर्णपदक त्यांनीच नेलं. स्लोव्हाकिया हरला, पण 58-43 असा. चाळीस मिनिटांत अमेरिकेला साठचाही आकडा गाठू दिला नाही. क्लबमधून आलेल्या झिरकोव्हा आणि कोतोचोव्हा यांच्यासारख्या मुली या संघात होत्या. एकत्र घासलेले तास किती, ते त्या 58 वरून कळतं.

आणि मग एकाच सुमारास तीन गोष्टी सुटल्या.

सिडनीनंतर घड्याळ 30 वरून 24 सेकंदांवर आलं. दोन डावांच्या जागी दहा-दहा मिनिटांचे चार भाग आले. चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायला पूर्वी दहा सेकंद मिळायची, ती आठ झाली. खेळ वेगवान झाला, प्रेक्षकांना रुचला, दूरचित्रवाणीलाही सोयीचा ठरला. 2000 मध्येच कारखाना ऑस्ट्रियाच्या नॉयझीडलर कंपनीकडे गेला, आणि तिच्यामार्फत माँडी समूहात. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडू. सीमा उघडल्या होत्या, युरोपभरचे क्लब पैसा घेऊन उभे होते, आणि दोनदा युरोप जिंकलेल्या मुलींना कोण नको म्हणणार? आपल्याकडे महिला बास्केटबॉलपटूला रेल्वेची नोकरी लागते आणि ती आयुष्यभर तिथली होते. तिथे करार संपला की बॅग भरायची. काही वर्षांत देशातलं वर्चस्वही कोशित्सेच्या क्लबकडे गेलं.

हेइकोव्हाबाईही गेल्या. रशियात त्यांनी मॉस्कोजवळच्या स्पार्टाकला प्रशिक्षण दिलं. डायना टॉरासी आणि सू बर्ड यांना अमेरिकेतून आणणारा तो क्लब. त्याचा मालक शाब्ताय कल्मानोविच. 2009 मध्ये मॉस्कोत भर रस्त्यात गोळ्या घालून त्याचा खून झाला. कागद कारखान्याच्या गावातून या जगात पाऊल टाकताना बाईंना काय वाटलं असेल, याचा विचार मनात येतोच.

पुढे त्या प्रागच्या यूएसके क्लबमध्ये आल्या. 2015 मध्ये प्रागने युरोलीग जिंकली. अंतिम सामन्यात येकातेरिनबर्गसारखा गडगंज संघ 72-68 असा हरला. 2025 च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या सारागोसाला त्यांनी प्रागला पुन्हा जिंकून दिलं. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. रुझोम्बेरोकचं यश जुन्या घड्याळाची कृपा होती असं म्हणणाऱ्यांना हे दोन चषक चोख उत्तर देतात. चोवीस सेकंदांतही बाई तितक्याच पक्क्या निघाल्या.

पण मला घोर लागतो तो नेमका इथेच. बाईंकडची विद्या चोवीस सेकंदांत चालते, रशियन पैशात चालते, चेक राजधानीत चालते. मग ती जिथे पिकली तिथे का उरली नाही? 2000 नंतर एकाही स्लोव्हाक क्लबच्या हाती युरोलीगचा चषक आलेला नाही. महिला संघ सिडनीनंतर ऑलिंपिकला गेलेला नाही. शहाणी माणसं लोकसंख्येकडे बोट दाखवतात, पण 1997 मध्येही देश एवढाच होता. प्रश्न पैशाचा आहे, आणि त्याहून जास्त मुक्कामाचा. त्याच पाच जणींना पाच-सात वर्षं एका दिव्याखाली ठेवणं आज कुठल्याही लहान गावाला परवडत नाही. सतरा-अठराव्या वर्षी चमकलेली मुलगी विशीत दुसऱ्या देशाची जर्सी घालते, आणि तिने तसं का करू नये? तिचे हाडामांसाचे गुडघे दहा-बारा वर्षांचेच सोबती आहेत.

कारखाना मात्र जोरात आहे. 2021 मध्ये तिथे खोक्यांच्या पुठ्ठ्यासाठी लागणाऱ्या कागदाचं नवं यंत्र सुरू झालं, वर्षाला तीन लाख टन क्षमतेचं. त्याचा माल जगभर जातो, आणि गावातल्या मुलीही तशाच बाहेर जातात. फरक एवढाच की यंत्र बसवायला भांडवल लागलं आणि ते मिळालं. मुलींचा संघ बसवायला लागणारी दहा वर्षं कुठल्या ताळेबंदात मांडायची?