डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट: विद्यार्थी असतानाच एकत्र शिकण्याची सोय कुठे आहे?

दिल्लीत सरोजिनी नगरच्या जवळच एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. दोन्ही ठिकाणी एमबीबीएसचे विद्यार्थी शिकतात, नर्सिंगचेही शिकतात. एम्समध्ये त्याशिवाय ऑप्टोमेट्री, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञान यांचे पदवी अभ्यासक्रम आहेत. हे सगळे विद्यार्थी एकाच आवारात वावरतात. पण ते एकमेकांसोबत किती शिकतात, हा वेगळा प्रश्न आहे.

एकत्र शिकणे म्हणजे नेमके काय?

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये या विषयावर कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात तेव्हाच त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणता येते. एका सभागृहात बसून सर्वांनी एकच व्याख्यान ऐकले, तर ते यात मोडत नाही.

रुग्णाच्या दृष्टीने पाहिले की फरक लगेच कळतो. समजा, आजींच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आज घरी सोडायचे आहे. पायावर किती भार द्यायचा हे सर्जन ठरवतात, चालायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात, रक्त पातळ करणारे इंजेक्शन घरी कसे द्यायचे ते नर्स दाखवतात आणि आधीपासून सुरू असलेल्या गोळ्यांशी नव्या औषधांचा मेळ फार्मासिस्ट तपासतात. या चौघांचे आपसात बोलणे झाले नसेल, तर चार वेगवेगळ्या सूचना जुळवण्याचे काम नातेवाइकांवर येते. चूक होते ती बहुधा इथेच. आणि वॉर्डातली नवी नर्स वरिष्ठ डॉक्टरांना ‘हा डोस एकदा पाहता का?’ असे विचारू शकेल की नाही, हे विद्यार्थिदशेत लागलेल्या सवयीवर बरेच अवलंबून असते.

यासाठी स्वतंत्र सरकारी योजना आहे का?

या नावाने वेगळा अर्ज भरावा लागेल अशी योजना नाही. ही सोय अभ्यासक्रमांच्या आतच शोधावी लागते. एमबीबीएसच्या 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात भावी डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य ही त्यांपैकी एक. यातला ‘सदस्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘कुटुंब दत्तक कार्यक्रमा’त पहिल्या वर्षापासून विद्यार्थी ठरलेल्या कुटुंबांकडे जातात. तिथे त्यांची गाठ आशा सेविकेशी पडते आणि कोणत्या घरी मधुमेहाच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या आहेत, हे बहुतेक वेळा तिलाच आधी माहीत असते.

अडचण नियमनाच्या रचनेत आहे. वैद्यकीय, दंतवैद्यकीय, नर्सिंग, आयुष, औषधनिर्माण यांच्या नियामक संस्था वेगळ्या आहेत. फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, आहारशास्त्र अशा व्यवसायांसाठी 2021 चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आला. त्यामुळे या मंडळींना प्रथमच देशपातळीवर स्वतःचा आयोग मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण प्रत्येकाचे वेळापत्रक, परीक्षा आणि सत्रे वेगळी असल्याने एका दुपारी सर्वांना एकत्र आणणे कॉलेजला आजही जड जाते.

महाराष्ट्रात काय आहे?

नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झाले. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे सर्व अभ्यासक्रम या एकाच विद्यापीठाखाली येतात. निदान छप्पर तरी एक आहे.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण याहून जुने. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ती सुरू केली. तिथे एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, सुरुवातीला पंधरा दिवस गावात राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. देशभर कुटुंब दत्तक कार्यक्रम येण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून हे चालू आहे.

वेगवेगळ्या पदव्यांची माणसे एका कामासाठी तयार होण्याचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी. या पदासाठी नर्सिंग पदवीधर असतात, तसे आयुर्वेद पदवीधरही. महाराष्ट्रात बीएएमएस झालेल्यांची संख्या मोठी आहे. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा दोघांमधला पूल. पुढे उपकेंद्रात आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि आशा यांच्यासह पथक म्हणूनच काम करायचे असते. गरज पडल्यास ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो.

प्रवेश घेताना काय विचारावे?

एमबीबीएसचा प्रवेश नीट-यूजीमधून होतो. एम्सच्या नर्सिंग व पॅरामेडिकल अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. कॉलेज निवडताना नुसते ‘संलग्न रुग्णालय आहे का’ एवढ्यावर थांबू नका. वॉर्डातील राउंडला नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसोबत असतात का, कौशल्य प्रयोगशाळेत हृदय बंद पडल्यावरच्या उपचाराचा सराव मिश्र गटात होतो का, गावभेटीला कोण कोण जाते, हे तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाच विचारा. माहितीपत्रकापेक्षा त्यांचे उत्तर अधिक उपयोगी पडेल. सहयोगी आरोग्य अभ्यासक्रम असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी त्याची मान्यता संबंधित परिषदेकडे तपासून घ्या.