लाल गोळीनं बाळ काळं होत नाही

नांदूरघाट परिसरात आशाताई गरोदर बायांना लोहाच्या लाल गोळ्या घरपोच देतात. त्यातल्या कितीतरी फळीवरच पडून राहतात. कारण विचारलं की घरातली मोठी बाई सांगते, "त्या गोळ्यांनी लेकरू काळं निघतंय." शिकलेल्या घरांतूनही हेच ऐकू येतं, आणि आता खरंच ऐकवत नाही.

बाळाचा रंग आईवडिलांकडून आलेली जनुकं ठरवतात. त्वचेतल्या पेशींनी मेलॅनिन हे रंगद्रव्य किती बनवायचं, ते त्यांच्या हाती असतं. अशी जनुकं अनेक आहेत, म्हणून तर सख्ख्या बहिणींत एक उजळ, एक सावळी निघते. यांतल्या एका महत्त्वाच्या जनुकाचा भारतीयांमधला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. गोळीतलं लोह रक्तातलं हिमोग्लोबिन वाढवतं. कातडीच्या रंगात त्याची काही ढवळाढवळ नसते.

मग ही समजूत आली कुठून? गोळी सुरू केली की शौचाला काळी होते. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. पोटातून काळं पडतंय म्हणजे पोटातलं बाळही काळं, असा अर्थ लोकांनी लावला.

या अर्थाची किंमत मोठी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्याकडच्या बाया तर दिवस गेलेले असतानाही ऊसतोडीला जातात, डोक्यावर मोळ्या वाहतात. अंगात रक्तच कमी असेल, तर बाळंतपणातला थोडा जादा रक्तस्रावही जिवावर बेततो. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची भीती असते ती वेगळीच.

'रंगभेद तिकडे अमेरिकेत, आपल्यात नाही', हेही धादांत खोटं. लग्नाच्या बायोडाटात रंगाचा रकाना कशाला असतो? सावळ्या मुलीला नकार येतो, नाहीतर हुंड्याचा आकडा चढतो. गोऱ्या मुलीला हे सोसावं लागत नाही, आणि आपल्याला सूट मिळाली हे तिच्या ध्यानातही येत नाही. सावळेपणाचे टोमणे खाल्लेल्या सासूला ते पक्कं ठाऊक असतं. तिची भीती खरी आहे, उपाय मात्र घातक आहे.

केशर-दुधानं बाळ गोरं होत नाही. त्यातलं दूध तेवढं उपयोगी. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडला आहे. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, पाऱ्यानं मूत्रपिंड बिघडतं. गोरी माणसं जात्याच हुशार, हा समज तर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या सुमारास बर्लिनमध्ये कवट्या मोजून तपासला होता. त्यांच्या जर्मन मार्गदर्शकाला गोऱ्यांचं श्रेष्ठत्व अपेक्षित होतं. मोजमापांत ते निघालं नाही.

सासूबाई, आत्याबाई, तुम्हालाच विनंती आहे. चौथा महिना लागला की सुनेला रोज एक लाल गोळी द्या, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, लिंबू किंवा आवळा चालेल. मळमळलं तर गोळी रात्री जेवणानंतर द्या, पण बंद करू नका.